रसवंतीच्या चरकाचा वाटा

या मित्रांनो, जवळ सरका. कीर्तनाला बसतो तशी मांडी घाला. एका गार पडलेल्या लोखंडाची गोष्ट सांगतो.

मी एक जुना रसवंतीचा चरक आहे. पंचवटीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी कारभारीअण्णांचे भाड्याचे दुकान होते. तिथे मी घुंगरांच्या तालावर ऊस पिळत असे. लोक म्हणत, "रस गोड आणि चरक त्याहून गोड!"

रोज संध्याकाळी अण्णांची बायको धोंडाबाई गल्ल्यातून वाटे काढून बाजूला ठेवी. उसाचा, बर्फाचा, जागेच्या भाड्याचा, आणि एक माझा: तेलाचा, ग्रीसचा, विजेचा.

"चरकाला कशाला गं वाटा? तो काय जेवतो?" अण्णा चिडवत.

"जेवतो की! तुम्ही पंगतीत मागून मागून जेवता, हा बिचारा मागत नाय एवढंच. अन् भाड्याचं म्हणाल, तर पावसाळ्यात दुकानाला कुलूप लावलं म्हणून जागेचा मालक ते सोडतो व्हय?"

गेल्या कार्तिकात धोंडाबाई देवाघरी गेली. त्यानंतर वाटे थांबले. गल्ल्यात पडेल ती सारी कमाई, असे अण्णा धरून चालले. मनाचा मोठा माणूस. रामनवमीच्या उत्सवात तिच्या नावाने त्यांनी कीर्तनाला येणाऱ्या प्रत्येकाला फुकट रस पाजला. माझे दात कोरडे पडून करकरत होते. घुंगरांच्या आवाजात ते कुणाला ऐकू आले नाही. ऐन जन्मोत्सवाच्या गर्दीत माझे दातेरी चाक तुटले.

नवे चाक आणायला गल्ल्यात काही नव्हते. भाडेही थकले होते. मालकाने जागा परत मागितली.

सामान हलवताना शेजारची फुलवाली शकुबाई म्हणाली, "अण्णा, वहिनी रोज वाटे काढायची. बघितलं नव्हतं का तुम्ही?"

"बघितलं होतं." अण्णा खाली बसले. "मला वाटायचं, ती शिल्लक टाकतीये. ती शिल्लक नव्हतीच गं शकुबाई. तो खर्चच होता."

आता मी भंगाराच्या वखारीत पडून आहे. ऊन लागते, पाऊस लागतो. काही वाटत नाही. अण्णांचा रागही येत नाही.

मित्रांनो, जे तुमच्यासाठी राबते, त्याचा वाटा आधी काढा. उरेल ते तुमचे. आणि कुठे रस प्यायला थांबलात, तर घोटभर आमच्या धोंडाबाईची आठवण काढा.