धाकटीच्या रंगाची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. माझे झाकण एका बाजूने चेपले आहे आणि तळाला गंज धरला आहे. तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर या संग्रहालयात येता, तेव्हा नायिकेच्या त्या आरसे लावलेल्या झग्यापाशी गर्दी करता. त्याच काचेच्या कपाटात, झग्याच्या पायाशी मी बसलेली असते. माझ्याजवळच्या पाटीवर ‘त्या गाण्याचा रंग’ एवढेच लिहिले आहे. तो रंग मुळात कोणाचा, हे पाटी सांगत नाही. म्हणून म्हटले, आपणच सांगावे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राचा एक दणका बसला आणि सपाट पत्र्याची मी डबी झाले. बालपण म्हणून सांगण्यासारखे एवढेच. आधी माझ्यात घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्या होत्या. त्या संपल्यावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला धुऊन माझ्यात बटणे भरली. त्या वारल्या तेव्हा त्यांच्या मुलाने बटणे बहिणीला दिली आणि मला स्वतःच्या कामाच्या पेटीत टाकले. हा मुलगा चित्रपटांच्या स्टुडिओत मेकअपमन होता. सगळे त्याला दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्याच्या पेटीत रंगांच्या काचेच्या देखण्या बरण्या होत्या. त्या मला पाहून नाक मुरडायच्या. पुढे मी कानामागून येऊन तिखट झाले, पण तेव्हा ते त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

दादाची खोली लहान होती. भिंतीवर मोठा आरसा, आरशाभोवती दिव्यांची माळ, त्यातले दोन दिवे कायम गेलेले. समोर एक उंच खुर्ची. दोरीवर ओले स्पंज वाळत घातलेले असत. दादाची कामाची एक पद्धत होती. नवा रंग करायचा असला की तो कानाखाली, जबड्याच्या कडेला बोटाने एक पट्टा ओढायचा. पट्टा उठून दिसला तर रंग चुकला. तो कातडीत मिसळून दिसेनासा झाला की रंग जुळला. आणि स्टुडिओतल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. दादाने ज्याच्या जबड्याला पट्टा ओढला, तो पडद्यावर दिसणार. जो दिसणार नाही त्याच्यावर रंग कोण वाया घालवील?

आता धाकटीविषयी सांगते. त्या शहरात एक खाडी होती, खाडीवर पूल होता आणि पुलापलीकडे गोदीला चिकटून एक वस्ती होती. तिथल्या लोकांचे पूर्वज फार पूर्वी बोटींत भरून कामाला आणलेले. गर्द काळी, तुकतुकीत कांती आणि दाट कुरळे केस. कित्येक पिढ्या इथेच गेल्या, बोलीही इथलीच झाली, पण पुलाअलीकडच्या लोकांच्या लेखी ते ‘पलीकडचे’ ते पलीकडचेच राहिले. त्या वस्तीतल्या तीन बहिणी स्टुडिओत कोरसमध्ये गायला येत. त्यांतली सर्वांत लहान ती धाकटी. हेच तिचे नाव पडले आणि पुढे केस पिकले तरी सुटले नाही.

तिची आई गोदीत जहाजांचा गंज खरवडायची. जहाजाच्या बाजूला दोरांनी फळ्या टांगलेल्या असत आणि प्रत्येक फळीवर एकेक बाई हातोडी घेऊन बसलेली असे. एकीला दुसरी दिसत नसे. म्हणून वरच्या फळीवरची बाई हातोडीच्या ठोक्यावर गात गात एकेकीला नावाने हाक मारी आणि जिला हाक मारली ती ठोक्यावरच ओ देई. ओ आली म्हणजे बाई फळीवर आहे, खाली पडलेली नाही. त्या गाण्यात एक जागा अशी होती, की हाक मारायची आणि पुढे काहीच गायचे नाही. पूर्वी कधीतरी जी पडली, तिच्यासाठी ती जागा मोकळी ठेवलेली होती.

एकदा चहाच्या सुट्टीत धाकटी हे गाणे गुणगुणत होती. संगीतकाराच्या कानावर पडले. त्याला नव्या चित्रपटासाठी असेच काहीतरी ‘वेगळे’ हवे होते. धाकटीने गाणे दिले, गळाही दिला. बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली. पडद्यावर हे गाणे म्हणताना तिचा स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे, कारण तिच्या आईने आजवर आपल्यासारखा एकही चेहरा पडद्यावर पाहिला नव्हता. संगीतकार म्हणाला, “दिसशील की, त्यात काय एवढं.” बोलायला त्याच्या बापाचे काय जात होते!

मग एक दिवस दादाने तिला खोलीत बोलावले. ती खुर्चीत बसली आणि दादाने काचेच्या बरण्यांतून थोडा थोडा रंग काढून तो माझ्यात घोटायला घेतला. इतका गर्द रंग कुठल्याच बरणीत नव्हता, म्हणून ही रिकामी डबी उपयोगी पडली. धाकटीचे तोंड एकीकडे चालूच होते. आईने गोदीत सुट्टी सांगितली आहे, मोठ्या बहिणीने डोक्याला बांधायचा रुमाल धुऊन ठेवला आहे, शेजारणी आत्तापासूनच रुसल्या आहेत. दादा पट्टा ओढायचा, पुसायचा, पुन्हा घोटायचा. बऱ्याच वेळाने त्याने हात थांबवला. धाकटीने मान वळवून आरशात पाहिले आणि म्हणाली, “कुठं लावलंय तेच दिसत नाही.”

“मग जुळला,” दादा म्हणाला आणि माझे झाकण लावले.

त्याने आणखी एक वाक्य बोलायला हवे होते. पण दादाला वाटले, तिला कोणीतरी सांगितलेच असेल. आणि धाकटीला वाटले, आपल्याला पट्टा ओढला म्हणजे आपणच पडद्यावर दिसणार. ती उड्या मारत पूल ओलांडून गेली आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला बातमी कळली.

चित्रीकरणाच्या दिवशी ती सकाळीच आली. केस धुतलेले, डोक्याला तो रुमाल, मागे दोघी बहिणी. दार उघडेच होते. खुर्चीत नायिका बसली होती. पिठासारख्या गोऱ्या रंगाची ती बाई गळ्यापर्यंत काळी झाली होती आणि दादा तिच्या कानामागे स्पंज फिरवत होता. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे झाले होते. पण मित्रांनो, नायिका काही वाईट बाई नव्हती. धाकटीला आरशात पाहून ती मनापासून हसली.

“अगं, ये ना आत. बघ बरं, जमलंय का? तुझ्यासारखीच दिसते ना मी?”

धाकटीने दारातच डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. मग “हो” म्हणाली. दादाने मान वर केली नाही. मी उघडीच होते, माझ्यातला तिचा रंग बराच संपला होता.

गाणे तुफान गाजले. चित्रपटात ते एका दारूच्या अड्ड्यावर होते आणि नायिका टेबलावर नाचत ते म्हणायची. बायकांच्या नावांच्या जागी नायकाला मारलेल्या लाडिक हाका आल्या होत्या. ती मोकळी जागा संगीतकाराला ओकीबोकी वाटली, म्हणून तिथे शिट्टी टाकली होती. थिएटरात लोक नेमके त्याच ठिकाणी शिट्ट्या मारू लागले. धाकटीची आई चित्रपट पाहायला गेली होती. आवाज लेकीचा आणि तोंड भलतीचे, हे तिला बराच वेळ उमगेना. शिट्टी झाली तशी ती उठली आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर आली. घरी गेल्यावर तिने धाकटीला काहीच विचारले नाही. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरे झाले असते, असे धाकटीने नंतर दादाला सांगितले. दादा स्पंज धुवायला उठला. तोही पोटार्थी माणूस, करणार काय?

माझा मात्र भाव वधारला. मासिकात दादाचा फोटो छापून आला, त्यात त्याच्या हातात मी होते. ज्या चित्रपटात ‘पलीकडची’ बाई हवी असेल तिथे मला बोलावणे येऊ लागले. गोऱ्या गोऱ्या नट्या खुर्चीत बसायच्या, काळ्या होऊन उठायच्या आणि बक्षिसे घेऊन जायच्या. दिव्यांखाली रंग अजून गडद हवा, अजून चकचकीत हवा, असे दिग्दर्शक म्हणत आणि दादा दर वेळी माझ्यात थोडी काळी शाई आणि तेल वाढवी. होता होता तो रंग कुठल्याच माणसाचा राहिला नाही. जळलेल्या तव्यासारखा झाला. शाळाशाळांच्या कार्यक्रमांत मुले तोंडाला काजळ फासून त्या गाण्यावर नाचू लागली आणि पुलापलीकडच्या मुलांना लोक रस्त्यात शिट्टी मारून दाखवू लागले. धाकटी पुन्हा कोरसमध्ये उभी राहिली. जे पदरी पडले ते पवित्र मानून ती गात राहिली.

बऱ्याच वर्षांनी वस्तीतली तरुण मुले शिकली आणि स्टुडिओच्या फाटकाशी फलक घेऊन उभी राहिली. आमचा चेहरा रंगवून विकू नका, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांत माफी छापून आली. वरातीमागून घोडे का होईना, पण आले म्हणायचे. मला फळीवर ठेवून दिले. मला आशा वाटली, की आता त्या खुर्चीत पुलापलीकडच्या मुली येऊन बसतील आणि आपल्याच चेहऱ्याने पडद्यावर दिसतील. तसे झाले नाही. रंग लावता येत नाही म्हटल्यावर चित्रपटवाल्यांनी कथेतून पलीकडची माणसेच काढून टाकली.

आता शेवटचे सांगते. दादा वारला होता, त्याचा मुलगा मेकअपचे काम करत होता आणि मी त्याच्या पेटीत होते. त्या गाण्याच्या गौरवासाठी एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. नायिका आजारी होती, म्हणून कोणाला तरी मूळ गायिकेची आठवण झाली. धाकटी आली. अंगाने वाळलेली, गुडघे धरून जिना चढणारी म्हातारी. सोबत तिची नात होती. नातीचा बाप पुलाअलीकडचा, त्यामुळे ती रंगाने बरीच उजळ होती. तिच्या वर्गातल्या मुली तिला म्हणत, तुझी आजी पलीकडच्यांतली असेलच कशी, तू तर त्यातली वाटतच नाहीस. हे धाकटीनेच दादाच्या मुलाला हसत हसत सांगितले. त्या दिवशी ती खुशीत होती. आई राहिली नव्हती, पण पडद्यावर नाही तर निदान रंगमंचावर, आपल्या चेहऱ्याने हे गाणे म्हणायला मिळणार होते. दुधाची तहान ताकावर भागवायची होती.

तेवढ्यात संयोजक बाई मेकअपच्या खोलीत आल्या. त्यांनी धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिले, मागच्या भिंतीवरच्या चित्रपटाच्या पोस्टरकडे पाहिले आणि दादाच्या मुलाला म्हणाल्या, “थोडं गडद करा यांना. लोकांच्या डोळ्यांपुढं ते गाणं आहे.”

दादाचा मुलगा चाचरला. हल्ली असे करत नाहीत, असे काहीतरी तो बोलला.

“अहो, यांना लावलं तर कोण बोलणार? या तर त्यातल्याच आहेत,” बाई म्हणाल्या.

दादाच्या मुलाने धाकटीकडे पाहिले. धाकटी खाली बघत म्हणाली, “लाव बाबा. नाहीतर हेही जायचं.”

त्याने माझ्यात ताजा रंग घोटला. जुळवताना तो पोस्टर पाहत होता. धाकटीची वयाने फिकी पडलेली, सुरकुतलेली कातडी त्या तव्याच्या रंगाखाली हळूहळू नाहीशी झाली. ती आरशात बघत होती, पण तिच्या तोंडावर काय आहे ते मला कळेना, कारण तिचे तोंडच आता दिसत नव्हते. नात कोपऱ्यात बसून हे पाहत होती. ती उठली आणि आजीच्या मांडीला टेकून तिला निरखू लागली. तिचे डोळे आनंदाने मोठे झाले होते.

“आजी, आता तू खरी वाटतेस,” ती म्हणाली. “मला पण लाव ना. मग मी पण आपल्यातली दिसेन.”

धाकटीने हात उचलला आणि तो तसाच राहिला. दादाच्या मुलाला वाटले पोर हौस करते आहे. त्याने माझ्यात बोट बुडवून तिच्या दोन्ही गालांना रंग लावला. मग बाहेरून हाक आली आणि धाकटी गायला गेली. ती कशी गायली ते मला माहीत नाही. शिट्ट्या मात्र खोलीपर्यंत ऐकू आल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना विनवतात, की आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले गेले आहे. धूळ बसू नये म्हणून काच लावली, दिवा लावला. त्यातले चार आणे जरी धाकटीच्या वाट्याला आले असते, तरी मला हे सांगावे लागले नसते. तुमच्याने झाले तर मला इथून काढून फेकून द्या. पण तुम्ही लहान आहात आणि कपाटाची किल्ली मोठ्यांकडे असते.

कधी कधी पुलापलीकडची शाळा येते. त्यातल्या काही मुली झग्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काचेला गाल टेकवून माझ्या तळाशी वाळलेल्या रंगाशी आपला रंग ताडून पाहतात. तो जुळत नाही आणि त्या हिरमुसून पुढे जातात. त्यांतली कोणी तुम्हाला भेटली, तर तिला सांगा, की चुकला आहे तो डबीतला रंग. मी रोज सांगते, पण काच जाड आहे.