शेवंतीचा वाफा

जेसीबीचा दात पत्र्यात घुसला तेव्हा रूपा उकळत्या चहाचं पातेलं हातात धरूनच बाहेर आली. शिरपूरच्या फाट्यावरची तिची टपरी, म्हणजे गंजके पत्रे आणि जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सचा आडोसा, बघता बघता आडवी झाली. ग्रामसेविका योगिनी नोटिशीची प्रत घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. जागा सरकारी, त्यात वाद नव्हता.

टपरीला लागूनच, त्याच सरकारी जागेत, शालिग्रामकाकांनी शेवंतीचा वाफा केला होता. निवृत्त पोस्टमन, बायको गेल्यापासून सारा जीव तिथंच. त्यांना नोटीस द्यावी असं योगिनीच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मॅडम, हे जागा बी सरकारीच हाय ना?" पिवळ्या फुलांकडं पाहत रूपानं विचारलं.

"ती शोभा आहे गं," योगिनी बोलून गेली, आणि उगाच नोटिशीची घडी घालू लागली.

रूपानं पातेलं खाली ठेवलं. फुटक्या कपांचे तुकडे वेचायला बसली.

थांब्याच्या बाकावर बसलेले शालिग्रामकाका हे ऐकत होते. ते वाफ्यात वाकले. आधी योगिनीला वाटलं, तण काढताहेत. बहरलेली झुडपं मुळासकट रस्त्यावर पडू लागली तशी ती धावली.

"काका, काहून उपटून राह्यले? तुमाले कोणी काही म्हटलं काय?"

"तेच तं, नाही ना म्हटलं." त्यांचे हात थांबले नाहीत. "फुलायच्या आड तुमाले जमीनच दिसत नव्हती."

वाफा उघडा पडल्यावर त्यांनी रूपाचा वाकलेला पत्रा ओढत आणला आणि तिथं उभा केला.

"इथं लाव तुई टपरी."

"मी फुलं उपटाले कुठं सांगतलं होतं, काका?" रूपा हातातले तुकडे टाकून उठली. "मी रोज पाणी टाकत होती त्यायले."

काकांना हे ठाऊक नव्हतं. ते पत्र्याला धरून नुसते उभे राहिले. उकरलेल्या मातीत तो पत्रा फारच ओंगळ दिसत होता.

जेसीबीवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, हे बी काढू काय?"

योगिनीनं आधी पत्र्याकडं पाहिलं, मग रूपाकडं. काकांकडं तिनं पाहिलं नाही. मान डोलावली.

दिवस मावळताना सरपंच बबनराव मोटारसायकलवरून आले. फाटा सपाट झाला होता. काका थांब्याच्या बाकावर बसून होते. रिसोडची बस आली, गेली, ते उठले नाहीत.

"आता कसं साफ दिसते, नाही काय मॅडम?" बबनराव म्हणाले.

"हो," योगिनी म्हणाली.