ओव्या आंब्याच्या काड्या

समजा, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे आहात. हात फक्त पुढे करायचा. वाकायचं नाही, चढायचं नाही. हाताला लागतं आंब्याचं पान. ते चुरगाळून नाकाशी न्या. कसला वास येतो? आंब्याचा? नीट हुंगा. ओव्याचा! पोट दुखलं की आई चिमूटभर चावायला देते, त्या ओव्याचा.

चेन्नईत वेलचेरीला सहानाच्या बिल्डिंगच्या आवारात असं झाड खरोखरच होतं. ते कुणी लावलं नव्हतं. कुणीतरी आंबा खाऊन कोय फेकली असणार, ती रुजली. कैऱ्या लहान, वाकड्या नाकाच्या, पण तिखटमीठ लावून खाल्ल्या की जिभेवर आधी आंबट आणि मागून ओवा. शेजारपाजारचे त्याला ‘ओमम् मांगा’ म्हणत. सहानाच्या घरी, तंजावरहून आलेल्या मराठी घरात, त्याचं नाव ओव्या आंबा. असा आंबा दुसरीकडे कुठेच नाही, हे सहाना छातीठोकपणे सांगे. सगळं जग तिने पाहिलं नव्हतं, पण वेलचेरी पाहिलं होतं.

आणि हेच झाड पाडायचं ठरलं.

चेन्नईचा मोठा पाऊस दसऱ्यानंतर येतो, आणि तो आला की वेलचेरीत पाणी तुंबतं. तळमजल्यावरच्या नारायणस्वामी मामांच्या घरात तर गेल्या साली फ्रिज तरंगला होता. यंदा पावसाआधी गटार रुंद करायचं होतं, आणि गटाराची वाट नेमकी झाडाच्या मुळांतून जात होती. नारायणस्वामी मामा सोसायटीचे सेक्रेटरी. ते बिचारे सहानाला स्वतः सांगायला आले.

“रागावू नकोस पाप्पा, पोरी. कैऱ्या मीसुद्धा खाल्ल्यात. पण फ्रिजला पोहता येत नाही.”

सहाना रागावली नाही. “माझ्याकडे त्याची बाळं आहेत,” ती म्हणाली. उन्हाळ्यात खाल्लेल्या आंब्यांच्या कोया तिने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती घालून पेरल्या होत्या. गॅलरीत वीतभर उंचीची रोपं ओळीने उभी होती.

तिने चंद्रिका आत्याला फोन केला. आत्या होसूरजवळच्या एका प्रयोगशाळेत केळीची रोपं बनवते.

“आत्या, ओव्या आंबा पाडणार आहेत. पण काळजी नाही, माझी रोपं मोठी झाली की झालं!”

आत्याने उलट विचारलं, “कण्णा, बाळा, तुझी आई कशी आहे?”

“शांत.”

“आणि तू?”

सहानाने जीभ चावली. मागून आईचं हसू ऐकू आलं.

“कोयीतून येतं ते झाडाचं पोर,” आत्या म्हणाली. “मधमाशी कुठल्या झाडावरून कुठला पराग घेऊन आली, कुणाला ठाऊक? पोर आईसारखं निघेल, नाही तर नाही. ओव्याचा वास नक्की हवा असेल तर झाडाचाच तुकडा जगवायला हवा.”

“मग तुझ्या केळीसारखं बाटलीत कर ना!”

आत्याच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या सहानाने पाहिल्या होत्या. केळीच्या कोंबाचा नखाएवढा गाभा काढायचा, जंतू मारून स्वच्छ करायचा आणि बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. जेलीत साखर, क्षार, सगळं जेवण. त्या गाभ्याला कोंब फुटतात, कोंब वेगळे केले की त्यांना आणखी कोंब. फळी भरून केळी, आणि सगळ्या एकाच केळीसारख्या.

“केळ शहाणी मुलगी आहे, जिथे बसवशील तिथे वाढते,” आत्या म्हणाली. “आंबा हट्टी. बाटलीत घातला की त्याच्या चिकातून काळा रस सुटतो आणि तो स्वतःच त्यात काळवंडतो. त्याला जुनीच युक्ती लागते. कलम.”

मग आत्याने काम सांगितलं. झाड पडलं की पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडायच्या, टोकाला फुगीर डोळा असलेल्या. पानं खुडायची, देठ ठेवायचे. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायच्या. “ओल गेली की काडी गेली. एवढं लक्षात ठेव. मी सणाला येतेच आहे.”

झाड खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पडलं, कारण सणाला कामगार सुट्टीवर जाणार होते. सहानाला करवतीचा आवाज ऐकवेना, पण ती खाली गेली. आडव्या पडलेल्या फांद्यांत शिरून तिने सांगितल्याप्रमाणे काड्या कापल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळल्या. संध्याकाळी आत्या आली. तिने पुडकं उघडून पाहिलं आणि सहानाची पाठ थोपटली. “उद्या सकाळी कलमं बांधू.”

पण सकाळी आईने आत्याला साडी घ्यायला टी. नगरला नेलं. “तासाभरात येतो,” दोघी म्हणाल्या. सणासुदीला टी. नगरला गेलेलं माणूस तासाभरात परत येतं, असं तुम्ही कधी ऐकलंय? बाबा ओरगडमच्या कारखान्यात यंत्रांच्या पूजेला गेले. सहाना खाली मैत्रिणींच्या सायकलींना गंध लावत बसली. घरात उरले बालाजीराव आजोबा.

खंडेनवमी म्हणजे आजोबांचा दिवस. शेजारी त्याला आयुधपूजा म्हणतात. ज्या हत्यारावर घर चालतं त्याला त्या दिवशी गंध, फूल आणि विश्रांती. एकदा पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. आजोबांनी पाटावर विळी मांडली, कात्री, पेचकस, मिक्सरचं भांडं, सहानाची कंपासपेटी आणि स्वतःचा दाढीचा रेझर. आत्याच्या पिशवीतला कलमाचा चाकू दिसला, तोही ठेवला.

दुपारी सहाना वर आली आणि पाटाकडे बघतच राहिली. चांदीच्या ताटात तिच्या काड्या एका रांगेत मांडल्या होत्या. कोरड्या. प्रत्येकीच्या टोकाला गंध, त्यावर कुंकू. वर पंखा गरगरत होता.

“आजोबा! फडकं कुठंय?”

“ते ओलं चिंध्याचं बोचकं? देवापुढे शोभतं का?” आजोबा खुशीत म्हणाले. “कलम करायला लागतात म्हणालीस ना? मग तीही हत्यारंच. एकेक पुसून ठेवली बघ.”

तेवढ्यात दार उघडलं, आई आणि आत्या आल्या. आत्याने साडीची पिशवी तिथेच टाकली आणि एका काडीची साल नखाने खरवडली. तपकिरी. दुसरी. तपकिरी. तिसरीत हिरवी रेघ दिसली.

“काही जिवंत आहेत,” ती म्हणाली. “पण उद्यापर्यंत नाही टिकणार. अप्पा, चाकू द्या.”

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी काड्यांकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. “अय्यो, हे मी काय केलं! पण चंद्रिका, पूजेतला चाकू कसा उचलू? तंजावरला आपल्या घरी या पाटावर तलवारी असायच्या. आता मिक्सर असतो. नियम तोच आहे.”

“मग विळी?” आई म्हणाली.

“ती पूजेत.”

“कात्री?”

“तीही.”

“अप्पा, तुम्ही घरात पूजेबाहेर काही ठेवलंय का?” आत्या वैतागून म्हणाली.

सहानाला रडू येत होतं, पण आत्याचा तो प्रश्न तिने पकडला. रेझर पूजेत होता. आणि ब्लेड? ती धावत न्हाणीघरात गेली आणि ब्लेडचं पाकीट घेऊन आली. सील न फोडलेलं.

“आजोबा, हे पूजेत नाही. याने अजून एकही दाढी केलेली नाही.”

आजोबांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. रेल्वेच्या कचेरीत त्यांनी जन्मभर लोकांचे रजेचे अर्ज तपासले होते. तेव्हा खाकरत असतील तसाच त्यांनी आता घसा खाकरला.

“जो कामावर रुजूच झालेला नाही,” ते सावकाश म्हणाले, “त्याला सुट्टी लागू होत नाही. सरी, ठीक आहे! घ्या ब्लेड.”

“आणि काड्या? त्याही पूजेत आहेत,” आई हळूच म्हणाली.

“त्या हत्यारं नाहीत,” सहाना म्हणाली. “त्या पेशंट आहेत.”

“पेशंटला ताटकळत ठेवतात का?” म्हणत आजोबांनी ताट स्वतःच उचलून आत्याच्या हातात दिलं.

आत्याने हिरव्या रेघेच्या तेवढ्या काड्या निवडल्या आणि गंध हलकेच पुसलं. मग तिने सहानाचं एक रोप पुढे ओढलं आणि ब्लेड त्याच्या शेंड्यावर टेकवलं.

“थांब!” सहाना ओरडली. “याला मी वाढवलंय.”

“ठाऊक आहे. मुळं त्याचीच राहतील, जेवू तेच घालणार. वर बसेल तो ओव्या. पण शेंडा काढावा लागेल. तुझी रोपं आहेत, तूच सांग.”

सहानाने रोपाकडे पाहिलं. मग खाली, जिथे झाड होतं तिथल्या रिकाम्या जागेकडे. “काप,” ती म्हणाली आणि तिने डोळे उघडेच ठेवले.

आत्याने शेंडा उडवला, खोडाला मधोमध उभी चीर दिली. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली आणि ती चिरेत बसवली. “सालीखालची हिरवी रेघ हिरव्या रेघेला टेकली पाहिजे. एका बाजूला तरी टेकलीच पाहिजे. तिथूनच पाणी वर चढतं.” सहानाने प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. बर्फाच्या पेप्सीची लांबुडकी पिशवी धुऊन टोपीसारखी वर चढवली, आत ओल राहावी म्हणून. आजोबा टोपी बांधायला दोरा धरून बसले होते. मग उरलेल्या काड्याही अशाच एकेका रोपावर बसल्या.

“आणि टोपी काढून बघायचं नाही,” आत्याने बजावलं. “तू नाही, आणि अप्पा, तुम्हीही नाही.”

मग पाऊस आला, वेलचेरीला येतो तसा. नव्या गटारातून पाणी खळाळत निघून गेलं आणि नारायणस्वामी मामांचा फ्रिज जमिनीवरच राहिला. ते वर येऊन सगळ्यांना मैसूरपाक देऊन गेले. गॅलरीत मात्र एकेक काडी काळी पडत होती. सहाना रोज सकाळी टोपीबाहेरून बघे, आणि तिच्यामागून आजोबा.

शेवटी एकच काडी उरली. एका सकाळी तिच्या टोकाचा डोळा फुटला. तांबूस, लवलवतं, ओलं पान टोपीला आतून टेकलं होतं. आजोबांनी आत्याला फोन लावला आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की फोनची गरजच नव्हती.

टोपी निघाली, रोप पिशवीतून कुंडीत गेलं. पानं मोठी होऊ लागली. आणि मग एके दिवशी जोडाच्या खाली, जुन्या रोपाच्या खोडातून, दुसरा एक कोंब निघाला. हिरवागार, जाडजूड, ओव्याच्या पानांपेक्षा दुप्पट वेगाने वाढणारा. ओव्याची पानं मात्र जिथल्या तिथे थांबली.

“बघ, तुझं रोपही वर आलं!” आजोबा हरखून म्हणाले. “एका कुंडीत दोन आंबे. राहू दे बाई, गोड दिसतंय.”

सहाना कुंडीपाशी उकिडवी बसली. तिने वरची पानं पाहिली, खालचा कोंब पाहिला. आत्याला फोन करावा असं एकदा तिच्या मनात आलं, पण तिने केला नाही. मुळं जे पाणी ओढतात ते वाटेतच कोण पिऊन टाकतंय, हे तिला दिसत होतं. तिने तो कोंब दोन नखांत धरला, एकदा हळूच म्हणाली, “तू मुळं सांभाळ,” आणि तो बुडापासून खुडून आजोबांच्या तळहातावर ठेवला.