मोरचूद

हेस्टर पेनिफोल्ड धापा टाकत द्राक्षमळ्यात पोचली, तोवर एमॉसच्या कोयत्याने अकरा वेली आडव्या झाल्या होत्या. एकेक वेल तिने पोटच्या पोरासारखी वाढवली होती, तणनाशकाचा थेंबही न वापरता. तण खायला हिवाळ्यात शेजारच्या एमॉस टपेनच्या मेंढ्या होत्याच. तिच्या वाइनच्या बाटलीवर चित्रसुद्धा त्यांचंच.

त्यातल्या एकोणीस मेंढ्या चार दिवसांत मेल्या होत्या. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल.

"एमॉस, कोयता टाक."

त्याने बारावी वेल तोडली. हेस्टरचं डोकं फिरलं. खुंट ठोकायची मोगरी उचलून तिने त्याच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. कोयता त्याच्या हातून पडला. पण साठ वर्षं मेंढरं लोळवून पाय बांधणारा माणूस तो. एका हाताने त्याने तिचे केस धरले, तिला पालथी पाडली आणि पाठीवर गुडघा रोवला.

"खा," तो म्हणाला. "तुझंच गवत आहे ना? निर्मळ, बिनविषारी. खा की, बाई."

त्याने मूठभर गवत उपटून तिच्या तोंडात कोंबलं. दात ओठात रुतले. माती, रक्त आणि तांब्याची कडवट चव जिभेवर आली, की तिला तसं नुसतं वाटलं, कोण जाणे.

"गुरांच्या डॉक्टरने मेंढी फाडली. काळजात तांबंच तांबं. मेंढीला तांबं पचत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी तुला विचारलं होतं, हेस्टर. मोरचूद म्हणजे तांबंच की. किती वेळा मारलंस?"

विचारलं होतं खरं, ऑक्टोबरात, फाटकापाशी. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस पडला, केवडा रोगाने पानं करपत होती आणि तिने नऊ वेळा फवारणी केली होती. सेंद्रिय शेतीच्या नियमांत मोरचूद बसतं, म्हणून मनाला टोचणीही नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर मेंढ्या आल्या नसत्या, तण माजलं असतं. "एकदाच, मे महिन्यात," असं ती म्हणाली होती.

त्याने गुडघा काढला. मोडका हात पोटाशी धरून तो वाकला आणि डाव्या हाताने कोयता उचलला.

"तुला आठवत नसेल, तर तसं म्हण. मी घरी जातो."

हेस्टर उठून बसली. पुढे अठ्ठावीस रांगा उभ्या होत्या. 'आठवत नाही' एवढं म्हटलं की त्या वाचणार होत्या. तिने तोंडातलं गवत थुंकलं.

"नऊ वेळा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

एमॉसने मान हलवली आणि तेराव्या वेलीकडे वळला. मोगरी तिच्या हाताजवळच पडली होती. तिने ती उचलली नाही.