मशीन थांबली की गाणं पास

आमच्या घरात गाणं चांगलं की वाईट हे माझी शिलाई मशीन ठरवायची. नवऱ्याने नवं गाणं बांधलं की तो गिटार घेऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा आणि मी मान खाली घालून शिवत राहायचे. मशीन पायाची, जुनी, वजनाने माझ्याहून भारी. गाणं चालू असताना माझा पाय थांबला तर गाणं पास. पाय चालत राहिला तर नापास, कितीही जीव ओतून गायलं तरी. हा नियम त्याचाच. त्याचं म्हणणं, माणसं तोंडदेखलं बोलतात, पाय तसं करत नाहीत. बॉबिनमधला दोरा संपला तरी मशीन थांबवावी लागते, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याचं एक गाणं अजूनही कॉलेजच्या मुलांना तोंडपाठ आहे, ते निव्वळ संपलेल्या दोऱ्यामुळे वाचलेलं आहे.

नवऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. तरुणपणी त्याचा रॉक बँड होता आणि त्यात तो गायचा. माझी आई त्याला गाणं म्हणत नसे. ती विचारायची, 'जावईबापूंचं पोट दुखतंय का?' पुढे बँड भांडून फुटला आणि त्याने एकट्याच्या नावावर अल्बम काढायला सुरुवात केली. बँडची गाणी मैदानात वाजली, एकट्याची लोकांच्या घरात. मला एकट्याचीच जास्त आवडतात, कारण त्यांत तो माझ्याशी बोलतो तसा गातो.

मागच्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हळू बोलता येईल, गाता येणार नाही. भोंगा म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस आता कुजबुजतो. 'मीठ दे' हेसुद्धा गुपित सांगितल्यासारखं म्हणतो. मी त्याला हसते, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. त्याला ते कळतं, कारण बाहेर आले की टॉवेल दारापाशीच ठेवलेला असतो.

अशात रेकॉर्ड कंपनीने विचारलं, एकट्याच्या कामातली निवडक गाणी घेऊन एक रेकॉर्ड काढू या का? जुन्या पद्धतीची, काळी, दोन बाजूंची. यापुढे नवं गाणं येणार नव्हतं, तेव्हा लोकांपाशी राहणार ते हेच. असं कोणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तू निवड," तो मला म्हणाला.

"मी? मला सुरातलं काय कळतंय? मला सुतातलं कळतं."

"मशीन आहे ना," तो म्हणाला, आणि विषय संपवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आवाज गेला तरी हुकूम सोडायची खोड गेलेली नाही.

रविवारी लेक आली. ती ध्वनिमुद्रणाचंच काम करते, बापाच्या सगळ्या जुन्या टेप तिनेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या. तिने पुढच्या खोलीत दोन स्पीकर मांडले, एक माझ्या कापडांच्या ढिगावर ठेवायला गेली आणि ओरडा खाऊन दुसरीकडे ठेवला. मागोमाग धाकटे दीर आले. भावजी बँडमध्ये बेस वाजवायचे, आता वाद्यं दुरुस्त करायचं दुकान चालवतात. दोन भावांत जो कमी बोलतो तो जास्त खातो, हे आमच्या घरात सिद्ध झालेलं आहे. त्यांनी येताच बिस्किटांचा डबा मांडीवर घेतला.

मी मशीनवर बसले. एका शाळेच्या गणवेशांचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं, त्यातल्या शर्टांना बाह्या लावायच्या होत्या. भोंग्याने एका कागदावर गाण्यांची नावं लिहून ठेवली होती, लेक त्या क्रमाने वाजवत गेली, आणि माझा पाय निकाल देत गेला. पहिल्या अल्बममधली तीन गाणी सटासट नापास झाली. भावजी म्हणाले, "वहिनी, यातल्या एकात मी वाजवलंय हो!" मी म्हटलं, "म्हणूनच." भोंगा आवाज न करता हसला. हल्ली तो तसाच हसतो, नुसते खांदे हलतात.

लेकीने आम्हाला एक गोष्ट समजावली. रेकॉर्डच्या कडेला सुईला जागा भरपूर मिळते, मधल्या भोकाजवळ कमी. म्हणून दणदणीत गाणी कडेला घ्यायची आणि हळू, कमी वाद्यांची गाणी बाजूच्या शेवटी, म्हणजे ती फाटत नाहीत. मला हे लगेच पटलं. गोल घेराच्या कापडातही आतल्या बाजूला जपूनच शिवावं लागतं. दुपारपर्यंत पहिली बाजू भरली, दुसरी जवळजवळ भरली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एका हळू गाण्याची जागा उरली.

"आता 'दुसरा मजला' लाव," भावजी बिस्किट मोडत म्हणाले.

लेकीने बापाचा कागद पुन्हा पाहिला, जणू नाव नजरेतून सुटलं असावं. ते त्यात नव्हतं.

"ते नको," भोंगा म्हणाला.

"नको काय? लोक रेकॉर्ड उचलून आधी तेच शोधतील. दादा, तुझं एकट्याचं काम म्हणजे ते गाणं. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला आहे." मग भावजींना एकदम आपण कुठे बसलोय हे आठवलं असावं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

भोंगा उठला आणि चहा ठेवायला आत गेला.

सांगायलाच हवं, म्हणून सांगते. तिसरा अल्बम करताना तो घर सोडून गेला होता, दुसऱ्या बाईकडे. ती शहराच्या पलीकडच्या टोकाला, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची, आणि त्याने गाण्याचं नावही तेच ठेवलं. लपवायची तसदीसुद्धा घेतली नाही. वर्षभर तो तिथे होता. मग एका दुपारी दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "लेकीची शाळा सुटायची वेळ झालीय, जा." तो गेला आणि तिला घेऊन आला. एवढीच आमची समेटाची बोलणी. माफ केलंत का, असं भावजींनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, दार उघडलंय, पुढचं माझं मलाच माहीत नाही.

ते गाणं मात्र मी कधी ऐकलं नाही. दुकानात लागलं तर अर्धी खरेदी टाकून बाहेर पडले. टॅक्सीत लागलं तर रेडिओ बंद करायला लावला आणि ड्रायव्हर कुरकुरला तर उतरून उरलेलं अंतर चालत गेले. लोकांना वाटायचं मला राग आहे. राग होताच, पण खरी होती ती भीती. ते गाणं खरंच चांगलं असेल, त्याच्या सगळ्या गाण्यांत चांगलं असेल, आणि ते तिचं असेल, याची भीती. मग माझ्या वाट्याला काय, नुसतं पास-नापास?

दुसऱ्या दिवशी भोंगा तपासणीसाठी दवाखान्यात गेला, भावजी सोबत गेले. घरात मी आणि लेक. ती वायरी गुंडाळत होती.

"ते लाव," मी म्हटलं.

"आई, नको. कंपनीला सांगू, नाही घ्यायचं. तुझ्यापेक्षा रेकॉर्ड मोठी नाहीये."

"मोठी नसली तरी त्याची शेवटची आहे. अपुरी जायला नको. लाव."

मी मशीनवर बसले. बाह्या झाल्या होत्या, आता कॉलरी होत्या. मनाशी ठरवलं होतं, काहीही झालं तरी पाय थांबवायचा नाही. नापास करायचं तर नियमाने करायचं.

गाणं सुरू झालं. शब्द मला वाटले होते तसेच होते. जिना होता, तिचे ओले केस होते, वरून दिसणारा रस्ता होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू, सुरेख गायला होता. मी पाय चालवत राहिले. शर्टाची कॉलर शिवताना आधी आखूड बाजू शिवायची, टोकाला सुई कापडातच रोवून थांबायचं, कापड दाबून धरणारा मागचा खटका उचलून कापड वळवायचं, खटका पाडायचा, टक. मग लांब बाजू. पुन्हा टोक, पुन्हा टक. मग आखूड बाजू. एक कॉलर झाली, दुसरी घेतली. तिसऱ्या कॉलरीला माझ्या लक्षात आलं की मला पायाला जोर लावावा लागत नाहीये. मी गाण्याबरोबर चालले होते, आणि टोकाला थांबले की गाणंही थांबत होतं.

आखूड धाव, टक. लांब धाव, टक. आखूड धाव. प्रत्येक ओळ तशीच. मध्ये तो क्षणभराचा खड्डा, आणि खटका पडल्यासारखा एक ठोका.

"हे काय वाजतंय?" मी ओरडून विचारलं.

"ड्रम नाहीत ते," लेक म्हणाली. "बाबाने टेबलाच्या लाकडी खणावर बोटांनी वाजवलंय. काका सांगतात, कुठल्या ड्रमरला ती मधली जागा जमेना, म्हणून शेवटी..." ती बोलता बोलता थांबली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मला हे गाणं लागलं की लहानपणापासून झोप यायची. मला वाटायचं, राग आल्यामुळे असेल."

लहानपणी ती माझ्या कापडांच्या ढिगावर झोपायची, मशीन चालू असताना. मशीन थांबली की जागी व्हायची आणि भोकाड पसरायची. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या रडलो. या वेळी मी नळ सोडायला गेले नाही.

भोंगा परत आला तेव्हा मी त्याला चप्पलही काढू दिली नाही. "बस," म्हटलं, आणि स्टूल दाखवलं. तो घाबरला. डॉक्टरांसमोर घाबरत नाही तेवढा घाबरला. लेकीने गाणं सुरू केलं तसा तो उठायला लागला, पण भावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी नवी कॉलर घेतली.

पहिल्या ओळीला तो जमिनीकडे बघत होता. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर खटका पडला, गाण्यात आणि मशीनवर एकाच वेळी, आणि त्याने मान वर केली. मग तो माझ्या पायाकडे, हाताकडे, सुईकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला, पण ज्याला आपण चोर आहोत हेच ठाऊक नव्हतं अशा चोराचा.

"मला वाटायचं, माझं आहे," तो कुजबुजला. "तिथे रात्रंदिवस डोक्यात वाजायचं. मला वाटायचं, मला सुचलंय."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" भावजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, त्यामुळे ते मोठ्याने बोलत होते.

"शब्द तिचे आहेत," मी भोंग्याला म्हटलं. "त्याचा मला अजून राग आहे, आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे. तू त्यात तोंड घालायचं नाहीस. पण खालचं सगळं माझं आहे. तू गेलास तेव्हा माझी मशीन उचलून घेऊन गेलास, आणि मी इथे बसून विचार करत होते की तू काहीच नेलं नाहीस."

गाणं शेवटच्या कडव्यावर आलं. तिथे त्याचा आवाज एकटा पडतो, बाकी सगळं थांबतं, फक्त खणावरची बोटं. त्याने ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज नव्हता, नुसता श्वास होता, पण शब्द न चुकता येत होते. ज्या गळ्यातून आता मीठसुद्धा नीट मागता येत नाही, तो आपल्याच जुन्या आवाजाबरोबर हळूहळू चालला होता, आणि बोटांनी स्टुलाच्या कडेवर माझी कॉलर वाजवत होता. आखूड, टक. लांब.

माझा पाय थांबला.

गाणं संपलं. भोंगा मशीनकडे बघत होता, आणि इतक्या वर्षांनंतर त्याने हळूच विचारलं, "दोरा संपला का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळी वर्षं, प्रत्येक वेळी माहीत होतं.

मी वाकून बॉबिनची पेटी उघडली आणि त्याला दाखवली.

"भरपूर आहे," मी म्हटलं.