काळजाचा अर्ज

डॉक्टर श्रीरंजनीला रविवारी चाळीस माणसं हवी होती. पन्नाशीच्या पुढची, तंजावरी मराठी घरांतली. दारूला न शिवणाऱ्यांच्या यकृतातसुद्धा चरबी कशी साठते, हे ती शोधत होती. तपासणीचं मशीन रविवारी दुपारी एकपर्यंतच आमच्याकडे होतं. चाळीस भरले नाहीत, तर ही घरं तिच्या अभ्यासातून वगळली जाणार होती. आणि ही तिचीच माणसं.

आदल्या रविवारी सहाच जण आले, आणि तेही तपासणी न करता परतले. तमिळ पत्रकावर ‘कल्लीरल’, म्हणजे यकृत, असं ठळक छापलेलं. यकृत म्हटलं की दारू, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या रांगेत शेजाऱ्याने पाहिलं तर?

“कल्पनाक्का, आता मराठीत लिहा,” श्रीरंजनी मला म्हणाली. मी तिच्या प्रकल्पात कागदपत्रं बघते. माहेर कराडचं, त्यामुळे माझी मराठी शुद्ध, असा तिचा गैरसमज. “यकृत नको. आमची आज्जी काळीज म्हणायची.”

शब्दकोशात पाहिलं. काळीज म्हणजे यकृत, अगदी बरोबर. खाटीकही तेच म्हणतो. मी झोकात लिहिलं : ‘काळजाची मोफत तपासणी. पूर्वी काळजाला काही त्रास झाला असल्यास खाली लिहावे.’

लोकांनी लिहिलं की! अन्नपूर्णाबाईंनी दीड पान लिहिलं, धाकटी बहीण अकरा वर्षं बोलत नाही म्हणून. बालाजीराव पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांनी मोजून तीन वाक्यं लिहिली : ‘मुलगा बॉस्टनला. त्रास नाही. संध्याकाळी थोडा.’

श्रीरंजनी वाचता वाचता हसली, डोळे पुसले, आणि मग तिचा चेहरा उतरला.

“हे सगळे हृदय समजून येणार, अक्का.”

“येऊ देत की. मग सांगू हळूच.”

“हळूच नाही. पहिल्या वाक्यात. न सांगता मी कुणाला टेबलावर झोपवणार नाही.”

“आणि उठून गेले तर?”

“गेले तर गेले,” ती म्हणाली. पण पेनाचं टोपण चावत होती.

रविवारी वेलचेरीच्या हॉलमध्ये सेहेचाळीस माणसं. शेअर ऑटोतून, बहुतेक उपाशीपोटी, ठेवणीतल्या साड्या नेसून. श्रीरंजनी उभी राहिली. तिची मराठी म्हणजे आज्जीकडून मिळालेली, मध्ये मध्ये तमिळचे टाके घातलेली. “नमस्कार. चूक झाली. हे हृदयाचं नाही. कल्लीरलचं. ज्याला नक्को त्याने जावं, राग नाही.”

खुर्च्या सरकल्या. मागचे दोघे चपला शोधू लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अन्नपूर्णाबाई उठल्या. वय चौऱ्याहत्तर, पदर खोचलेला. “अय्यो, बसा रे सगळे! मी तर तीर्थसुद्धा चमचाभरच घेते. माझंच बघ गे पहिलं. मला कोण म्हणतो पिती म्हणून, बघूया!”

पडद्याआड त्या झोपल्या. बरगड्यांच्या फटीत गार जेल लावून दट्ट्या टेकवला, मशीनने टकटक ठोके दिले. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या आणि लग्न ठरल्यासारखं जाहीर केलं, “चरबी आहे! भरपूर! एक थेंब न घेता!”

हॉल हसला. चपला पुन्हा भिंतीला लागल्या. “तुझ्या लाडवांची गे ती!” कुणीतरी ओरडलं, आणि रांग लागली. श्रीरंजनी प्रत्येकाला समजावत होती : रोज चाला, गोड कमी करा, भाताचा डोंगर नको, टेकडी करा. अन्नपूर्णाबाई रांगेत फिरून तेच पुन्हा सांगत होत्या, स्वतःच्या चार सूचना घालून.

साडेबाराला मी नावं मोजली. एकोणचाळीस. उरलेले काही नाश्ता करून आले होते, काही पन्नाशीच्या आतले. मशीन न्यायला गाडी खाली येऊन उभी.

“वसंतराव राहिले, तेही उपाशीच आहेत,” तपासून आलेल्या विजयलक्ष्मीबाई म्हणाल्या. वसंतराव म्हणजे त्यांचे यजमान, पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. कधीपासून एकाच पानावर.

“मी हिच्या सोबतीला आलोय.”

“भ्यालेत. माझ्या माहेरचे तीस वर्षं म्हणतायत ना, डोळे लाल असतात, म्हणजे पितात म्हणून.”

“परागकणांची ॲलर्जी आहे!” वसंतराव ताडकन उठले. “कितीदा सांगू?”

“मग चला की, मामा,” श्रीरंजनी म्हणाली. आवाज साधाच होता, पण बोट यादीतल्या चाळिसाव्या रिकाम्या ओळीवर होतं. “नको असेल तर तसंही चालेल. खरंच.”

वसंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. पेपराची घडी केली, चष्मा काढून बायकोच्या हातात दिला आणि पडद्याआड गेले.

टकटक. टकटक. बाहेर सगळ्यांनी पडद्याकडे कान लावले. अन्नपूर्णाबाईंनीसुद्धा.

“मामा,” आतून श्रीरंजनीचा आवाज आला, “अगदी स्वच्छ. पण हे न पिण्याचं सर्टिफिकेट नव्हे हं.”

“ते राहू दे बाळा,” वसंतराव म्हणाले. “आधी हिला आत बोलाव. आणि जे बोललीस ते पुन्हा एकदा बोल. जरा मोठ्याने.”