खळीचा दिवस

"अंबू बिरप्पा!" मी हजेरी घेताना पुकारलं आणि मागच्या रांगेतून भलताच आवाज आला, "हाय की!"

मी चष्मा सावरून पाहिलं. अंबूच्या जागेवर, अंबूचंच परकर-पोलकं घालून, तिची धाकटी बहीण म्हाळसा बसलेली! ही पोर रोज शेळ्यांमागे हिंडायची. शाळेचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता.

"तू गं इथे कशी? अंबू कुठाय?"

"आक्का खळीला हाय. मी बदली आलीया. आय म्हनली, बाईंनी नाव घेतलं की हाय म्हनायचं आन् गप बसायचं."

वर्ग खिदळला. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आवरेना. यांची आई कस्तुराबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिथे कुणाला जमलं नाही तर आपल्या जागी बदली माणूस द्यायचा, म्हणजे खाडा पडत नाही आणि जागा शाबूत राहते. त्या माउलीला वाटलं, शाळाही भोंग्यावरच चालते. आता काय बोलावं!

हसू ओसरल्यावर मात्र मी पटावर अंबूच्या आजवरच्या गैरहजेऱ्या मोजल्या. अंबूसारखी मुलगी अकरा वर्षांत माझ्या हाताखाली आली नव्हती. त्रैराशिक तोंडी सोडवायची. कविता एकदा ऐकली की पाठ. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला ती बसली की पुढचं शिक्षण तिचंच, याची मला खात्री होती.

अडचण तिच्या घरच्या धंद्याची होती. बाप बिरप्पा घोंगड्या विणायचा. लोकरीच्या उभ्या धाग्यांचा ताणा उन्हात पसरायचा, त्याला चिंचोक्यांची खळ लावायची आणि ती वाळायच्या आत दोघांनी दोन्हीकडून कुंचा फिरवायचा. एक हात ढिला पडला की धागे एकमेकांना चिकटले आणि ताणा वाया गेला. कस्तुराबाई गिरणीत, म्हाळसाचा हात कच्चा. म्हणून खळीच्या दिवशी अंबू घरी. असे दिवस साठत साठत अगदी काठावर आले होते. आणखी एक गैरहजेरी पडली की नियमाप्रमाणे परीक्षेच्या यादीतून नाव बाद. मी बिरप्पाला आठ दिवसांपूर्वीच घरी जाऊन बजावलं होतं. तो म्हणाला, "बाई, आबाळ आलं की खळ वाळत न्हाय. ऊन काय माज्या हातात हाय व्हय?"

अकरा वर्षांत माझ्या हजेरीपटावर एक खोटी खूण नव्हती, आणि त्याचा मला ताठा होता. त्या दिवशी मी टाक दौतीत बुडवला, म्हाळसाकडे एकदा पाहिलं आणि अंबूच्या नावापुढे हजेरी मांडली. पोरीचं भलं होत असेल तर होऊ दे, म्हटलं.

शाई वाळली नसेल, तोच डिप्टी महादेवप्पा दारात उभे. न कळवता तपासणी! त्यांनी पट पाहिला, डोकी मोजली. बरोबर जुळली.

"मागच्या खेपेला तुम्ही कौतुक करत होता ती अंबू कोण? आज हजर दिसते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तोंड उघडायच्या आत म्हाळसा उठून उभी राहिली. अंबूच्या नावाला ओ द्यायची, असं तिला घरून सांगितलंच होतं.

साहेबांनी पुस्तक पुढे केलं. ती पानाकडे बघत राहिली. त्यांनी पाढा विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काही तरी येतं का तुला?"

"शेळ्या राखाया येतंय. सांजच्याला येक जरी कमी आसली, तर मला न मोजता कळतंय."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मला एकच वाक्य बोलायचं होतं, "साहेब, ही अंबू नव्हे." पण तेवढं बोलले असते तर खोटी हजेरी कबूल झाली असती आणि नोकरी गेली असती. मग मैंदर्गीला भावाच्या दारात पुन्हा जाऊन उभी राहिले असते. विधवा बहिणीच्या ताटात तिथे काय पडतं, ते मी चार वर्षं खाल्लं होतं. मी दौत साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी शेरा लिहिला : 'सदर मुलगी परीक्षेस पाठवण्याच्या योग्यतेची नाही.'

"गिरिजाबाई, माया असावी, पण आंधळी नसावी," एवढं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी कस्तुराबाई अंबूला घेऊन शाळेत आली. झालेलं सगळं म्हाळसाने घरी सांगितलं होतं.

"माजीच चूक, बाई. बदली कच्ची दिली मी. आता खळीला म्या सोता खाडा करती, पर अंबूचा येक दीस बुडवत न्हाय. घ्या की तिला परीक्षंला. लई हुशार हाय वो लेकरू."

तिने मला हात जोडले. मला! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. शेरा पुसता येत नाही, इतकंच मी म्हणाले. खरं काय ते तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. अंबू खाली मान घालून पोलक्याच्या बाहीला लागलेली वाळकी खळ नखाने खरवडत होती.

कस्तुराबाई बोलल्याप्रमाणे वागली. दोन महिने अंबूचा एक दिवस बुडला नाही. ज्या चौघींची नावं यादीत गेली, त्यांना भागाकार अडला की त्या माझ्याकडे येत नसत, तिच्याकडे जात.

परीक्षेच्या सकाळी दारात टांगा आला. चौघी बसल्या, मीही चढले. अंबू धावत बाहेर आली आणि विसरलेली दौत तिने वर दिली.

"बूच घट्ट लावलंय, बाई. सांडायची न्हाय."

मी दौत घेतली. तिच्याकडे बघायचा धीर काही मला झाला नाही. ती लगेच आत गेली. दिवसभर पहिलीचा वर्ग मी तिच्याच हवाली केला होता.